पायऱ्या फोडणारे नारूकाका

माझ्या मुलीच्या लग्नात नारूकाका पाण्याच्या जारपाशी ठाण मांडून बसले होते. खिशातून पांढरं फडकं काढायचं, दुहेरी घडी करून पेल्यावर ताणायचं आणि येईल त्याला विचारायचं, "गाळून देऊ का?" केटरर वैतागला. "काका, फिल्टरचं पाणी हाय ते." काका शांतपणे म्हणाले, "फिल्टरवर माझा भरोसा हाय. पण फडकं कशाला बेकार बसवायचं?" वरपक्षाला वाटलं, ही आमच्याकडची रीतच असावी. नवरदेवाच्या मामांनी पुढे होऊन फडक्याला हळदकुंकू वाहिलं. काकांनी तेही मानानं घेतलं आणि दुसरं फडकं काढलं.

काका जुना जालन्यातले माझे शेजारी. आरोग्य खात्यातून निवृत्त. खरं नाव दिगंबर. तरुणपणी भोकरदनकडच्या गावांतून नारूचा रोग हटवायचं काम केलं, म्हणून कुणीतरी हे नाव चिकटवलं. आता नारू म्हणजे काय, हे गल्लीतल्या पोरांना ठाऊकच नाही. माझ्या मुलीनं तर पत्रिकेवर 'श्री. नारायणराव' असं लिहिलं. नारू हे नारायणचंच लाडाचं नाव असणार, असा तिचा अंदाज. मी शरमेनं माफी मागायला गेलो, तर काका पत्रिका घेऊन गल्लीभर मिरवत होते. "बघा, पोरीला नारू म्हंजे माणूस वाटला! मेला बरं का रोग, आता पक्का मेला!" ती पत्रिका त्यांनी फ्रेम करून भिंतीला लावली आहे.

कुणी विचारो न विचारो, ते सांगणारच. लोक पायऱ्यांनी बारवेत उतरायचे, पाय बुडवून घागर भरायचे. तेच पाणी न गाळता प्यायलं, की नारूचा जंत पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. मग काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. "जल्दी केली की तुटला. मंग बसा बोंबलत!" हे सगळं ते नेमकं शेवयांची खीर वाढल्यावर सांगतात. आमच्या घरी खीर त्यामुळेच बंद झाली.

एका बारवेबद्दल मात्र ते कधी बोलत नसत. गेल्या महिन्यात धावड्याहून निरोप आला, की त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, अंथरूण धरलंय. काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. "तू चल संगं. मला घरात घेती का न्हाई, ठाऊक न्हाई."

मोटारसायकलवर मागे बसून, माझ्या पाठीशी बोलत त्यांनी सगळं सांगितलं. ती बारव अक्काच्या सासरची, तिच्या सासऱ्यांच्या वाडवडिलांनी बांधलेली. अक्काच्या पायातला नारू काकांनीच काढला, तिचं कण्हणं ऐकत, कितीतरी दिवस. ती चालायला लागली आणि पुन्हा कुणी पाण्यात पाय बुडवू नये म्हणून काकांनी माणसं नेऊन बारवेच्या पायऱ्या फोडल्या, वर कठडा बांधून रहाट बसवला. सासरे चारचौघांत कडाडले, "सुनेचा भाऊच आमच्या बारवेवर घण घालायला आल्ता!" अक्का मान खाली घालून उभी होती.

"तिच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई. तवापासून तिच्या दारात गेलो न्हाई. राखीला बी न्हाई."

धावड्याला पोचलो, तर काका उंबऱ्याबाहेरच थांबले. आत खाटेवर अक्का. गावोगाव भाषणं ठोकलेला हा माणूस दारातच चपला काढत-घालत राहिला. शेवटी काका पुटपुटले, "अक्का, त्या पायऱ्यांचा राग..."

"कशाचा राग? माझ्या लेकीसुनांच्या पायाला एक वण न्हाई. बराबर केलंस तू." तिला धाप लागली. "पण मंग वर्षभर सासऱ्यानं टोचून खाल्लं मला, तवा यायचं होतंस, दिगू. दर राखीला ताट करून वाट बघायची मी."

काका खाटेपाशी खाली बसले आणि लहान पोरागत रडले. अक्कानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता. मला ते बघवेना, मी अंगणात आलो.

ऊन उतरल्यावर मी निघायचं म्हणून हाक मारली. आतून अक्काचाच आवाज आला, "तो न्हाई येत आज. का रे दिगू, मुक्कामाचे कपडे आणलेस का?"

"न्हाई गं," काका म्हणाले. "तू राहा म्हणशील असं वाटलंच नव्हतं."