सर्कलआप्पा मोटार दुरुस्तीला टाकतात

आमच्या शेजारचे सर्कलआप्पा मोटार दुरुस्तीला टाकण्यापूर्वी तिचा पंचनामा करत. गंमत म्हणून नव्हे. दोन पंच, चतुःसीमा, वर्णन, वेळ, खाली सह्या, सगळं रीतसर. अशा दोन पंचनाम्यांवर पंच म्हणून माझी सही आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. नेवाशाच्या मुलींच्या वसतिगृहात चाळीस वळकट्या, चाळीस ताटं आणि चाळीस आयांचे निरोप सांभाळायचे, तर यादीशिवाय भागत नाही. माझ्या याद्यांचा मला थोडा अभिमानही होता. पण आप्पांचा पहिला पंचनामा वाचला आणि मी माझी वही हळूच पिशवीच्या तळाशी सरकवली.

आप्पांचं खरं नाव रंगनाथराव. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले, सर्कल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरही सगळ्या गावाचे ‘सर्कल’च राहिले. जळालेली गंजी, पडलेली भिंत, विहिरीत गेलेली म्हैस, असं काहीही असलं तरी त्यांनी आधी कागद काढायचा आणि मग हळहळायचं. “तोंडी कारभार नको,” हे त्यांचं पालुपद. बाजारात कुणी “आप्पा, उद्या येतो” म्हटलं, तरी ते हसून विचारत, “कागदावर हाय का?”

फंडाच्या पैशांतून त्यांनी नगरच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेतली. “जन्मभर मामलेदाराच्या जीपची धूळ खाल्ली, बाई. आता आपुन उडवू,” असं म्हणाले खरे, पण त्यांच्या चालवण्याच्या वेगानं कधी धूळ उडालेली मी पाहिली नाही. बैलगाडीवाले मागून “व्हा की बाजूला, सर्कल!” म्हणून ओरडत.

मोटारीत एकच खोट होती. मागच्या डाव्या चाकावरचा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, गेला होता. पुढं बसणाऱ्याला खड्डा कळायचासुद्धा नाही आणि मागं बसणाऱ्याचं डोकं टपाला लागायचं. आप्पा एकटेच, तेही पुढं बसणारे. त्यामुळे दोन वर्षं काही अडलं नाही. पण त्या वर्षी त्यांच्या शालनला सातवा लागला.

शालन त्यांची एकुलती एक. ती चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून वेणीफणीपासून सगळं आप्पांनीच केलेलं. तिला आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडे दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात आप्पांचं म्हणणं असं, की एसटीच्या हादऱ्यात पोर आणायची नाही. आपल्या मोटारीत, मागच्या सीटवर, पाय पसरून, आणि अमावास्येच्या आत. अमावास्येला तीन आठवडे होते.

नगरला त्या मोटारींची एक एजन्सी होती. पुढं काचेची खोली, मागं पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. मॅनेजर पांढरीशुभ्र पँट घालत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनच वाक्यं सांगत : काम चालू आहे, पार्ट पुण्याहून येतोय, परवा या. आप्पांनी पहिल्यांदा मोटार दिली ती भोळेपणानं, नुसती किल्ली हातात ठेवून. चार दिवसांनी आणायला गेले, तर मोटार आरशासारखी धुतलेली होती. चांगला चालणारा हॉर्न दुरुस्त करून घोगरा केलेला होता. नवी कोरी स्टेपनी जाऊन तिच्या जागी टकलासारखं गुळगुळीत चाक आलं होतं. आणि पाटा होता तसाच होता.

“ही माजी स्टेपनी न्हाई,” आप्पा म्हणाले.

“हीच होती,” मॅनेजर म्हणाले.

आमच्या नात्यातला कुणीही तिथं टेबलावर मूठ आपटून आला असता. आप्पा किल्ली घेऊन निघाले. घरी येऊन मला म्हणाले, “चूक माजी हाय, बाई. चाळीस वर्षं लोकांच्या म्हशींचे पंचनामे केले आन सोताची मोटार तोंडी देऊन आलो.”

पुढच्या सोमवारी मी वसतिगृहाच्या खरेदीला नगरला निघाले होते. आप्पा म्हणाले, “चला मोटारीतनं. पंच म्हनून लागाल.” दुसरे पंच त्यांनी तिथंच मिळवले : एजन्सीसमोर चहाची टपरी चालवणारे उस्मानभाई. “भाई, तुमी निःपक्षपाती का?” असं विचारलं. उस्मानभाई म्हणाले, “दोन्हीकडची उधारी आहे, साहेब. त्याहून निःपक्षपाती काय असतं?”

मग आप्पांनी एक रिकामा तेलाचा डबा उपडा घातला, त्यावर बसले, मांडीवर फळी घेतली आणि लिहू लागले. मजकूर मला अजून आठवतो.

‘मोटार रंगाने काळी, पश्चिमेकडे तोंड करून उभी. चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस वर्कशॉपची शेड, पश्चिमेस लिंबाचे झाड, उत्तरेस मॅनेजर यांची खोली व त्यात स्वतः मॅनेजर, दक्षिणेस उस्मानभाई यांची टपरी. डाव्या दारावर ओरखडा, लांबी चार बोटे, वय अंदाजे दोन वर्षे. हॉर्न वाजवून पाहिला, आवाज घोगरा परंतु ऐकू येण्याजोगा. मागील सीटच्या फटीत बोराची एक आठळी मिळून आली, ती जागीच ठेवली.’

शेजारी एक ठेकेदार आपल्या गाडीसाठी मॅनेजरच्या नावानं शंख करत होता. तो हळूहळू गप्प झाला आणि आप्पांच्या मागं येऊन वाचू लागला. शेडमधून मेस्त्री बाहेर आले. मॅनेजर खोलीतून बाहेर आले, तेव्हा आप्पा अदबीनं म्हणाले, “साहेब, तुमी बाहेर आलात. उत्तरेची शीमा बदलली. जरा आत जाऊन उभं ऱ्हाता का?” आणि ते गेले! एवढा मोठा माणूस, निमूट आत जाऊन उभा राहिला. मी वसतिगृहात वीस वर्षं मुलींना रांगेत उभं करते आहे, पण असा दरारा मला आवाज चढवूनही जमलेला नाही. आप्पांनी आवाज चढवलाच नव्हता.

तीन दिवसांनी मोटार मिळाली. आप्पांनी पंचनामा काढून एकेक कलम तपासलं. ओरखडा चार बोटं, हॉर्न घोगरा, आठळी जागेवर. आणि मागच्या सीटचा दणकाही जागेवर. पंचनाम्याच्या धाकानं एजन्सीतल्या एकाही माणसानं मोटारीला बोट लावलं नव्हतं.

आता अमावास्येला पाचच दिवस उरले होते. मी म्हटलं, “आप्पा, भाड्याची गाडी करू या.” ते म्हणाले, “भाड्याच्या गाडीचा पाटा कोन बघनार?”  दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो, तेव्हा त्यांच्या हातात घरातला पितळी तांब्या होता.

एजन्सीत पोचल्यावर त्यांनी तांब्या काठोकाठ भरला, उस्मानभाईंना साक्षीला बोलावलं, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि मॅनेजरना म्हणाले, “साहेब, मागं बसा. तांब्या मांडीवर धरा. भिंगारच्या रस्त्यानं एक फेरी मारू. दनका न्हाई बसला तर माजी तक्रार खोटी, असं पंचांसमक्ष लिहून देतो.”

मॅनेजरना वाटलं, फुकटात पीडा टळते. बसले. आप्पा नेहमीच्या बैलगाडीच्या चालीनं निघाले. पहिला खड्डा आला तेव्हा मागून “अहो!” आलं. दुसऱ्याला “अहो, सर्कल!” आलं. तिसऱ्या खड्ड्यानंतर आवाज आला नाही. परत आल्यावर आप्पांनी दार उघडलं, तांब्यात बोटं बुडवली आणि म्हणाले, “तीन बोटं कमी. लिहा, बाई.” तीन बोटं पाणी कुठं गेलं, ते पांढऱ्या पँटीवर सगळ्यांना दिसत होतं. उस्मानभाईंनी टपरीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

“रागावू नका, साहेब,” आप्पा म्हणाले. “तुमाला लागलं का? तुमी बसलात तितंच माजी पोर बसनार हाय. सातवा लागलाय. तिला आई न्हाई, म्हनून मला इतकं बघावं लागतं.”

मॅनेजर क्षणभर त्या सीटकडे बघत उभे राहिले. मग शेडकडे वळून ओरडले, “मेस्त्री! यांचा पाटा का नाही बदलला?”

“पाटा तुटलाय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, साहेब,” मेस्त्री म्हणाले. “तुमीच म्हनले, धुऊन देऊन टाक.”

 पार्ट पुण्याहून यायचा होता, तो शेडच्या माळ्यावरून आला. स्टेपनीही कुठल्याशा कोपऱ्यातून घरंगळत बाहेर आली. संध्याकाळी दुसरी फेरी झाली. या वेळी तांब्या घेऊन मी मागं बसले. काठावरून दोन थेंब सांडले, तेवढेच. आप्पांनी मेस्त्रींना बोलावून त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि पंचनाम्याखाली लिहिलं, ‘काम उत्तम.’ असं कुणी लिहून दिल्याचं त्या माणसाच्या आयुष्यात घडलं नसावं. त्यांनी हात पुसून तो कागद दोनदा वाचला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही कर्जतहून शालनला आणलं. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी गेले होते. दुष्काळाचं वर्ष. वाटेत जागोजागी माणसं खडी फोडत बसलेली. आमच्या मोटारीचा वेग बघून हातोडे थांबत आणि पोरंबाळं शेजारून चालत येत. शालन मागं पाय पसरून बसली होती. पोटातलं पाणी हललं नाही. नेवाशाला उतरली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, काम फत्ते.

तिसऱ्या दिवशी बाळंतपणाच्या सामानाची यादी घेऊन मी आप्पांकडे गेले. डिंक, आळीव, बाळंतशेपा, जुनी धोतरं. आप्पा पडवीत बसले होते. माझ्या यादीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. समोर एक घडी पडून पडून फाटायला आलेला कागद होता आणि हातात पेन्सिल.

“बाई, कुनाला बोलू नका,” असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

वर लग्नाची तारीख होती. खाली आप्पांचं सरळ महसुली अक्षर.

‘चि. शालन हिचे वर्णन, सासरी पाठवताना. डाव्या गुडघ्यावर व्रण, चिंचेवरून पडली तेव्हाचा. कारले खात नाही, परंतु कोणी वाढले तर नाही म्हणत नाही. वीज कडाडली की उशी डोक्यावर घेते. रागावली म्हणजे बोलत नाही, भांडी घासते. भाकरी थापताना गाते. एकही गाणे पूर्ण येत नाही.’

“व्याह्यांच्या हातात द्यायचा हुता,” आप्पा म्हणाले. “मांडवात खिशात घेऊन फिरलो. धीर झाला न्हाई.”

“मुलगी म्हणजे काय मोटार आहे, आप्पा?” मी जरा रागानंच म्हटलं.

“न्हाई. म्हनून तर दिला न्हाई.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “पर मोटार बोलत न्हाई तरी कळतं, काय मोडलं. पोरगी बोलती आन कळत न्हाई.”

शालन आल्यापासून तपासून झालेल्या कलमांपुढं पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या; विजेच्या कलमापुढं ‘पाऊस नाही’ असं लिहिलं होतं. फक्त शेवटच्या, गाण्याच्या ओळीपुढं काहीच नव्हतं.

“दोन दिस झाले. भाकरी थापती, पर आवाज न्हाई. तुमी इचारा, बाई. माज्यानं इचारवत न्हाई.”

मी आत गेले. शालन चुलीपाशी होती. मी यादी वाचून दाखवली, तब्येतीचं विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं म्हटलं, “गात नाहीस का गं हल्ली?”

ती हसली. “तिकडं मामंजी वर्षभर अंथरुणावर हायेत, बाई. डोळा लागला असंल म्हनून हळू वागायचं. कुनी गप्प बस म्हटलं न्हाई हो. लई चांगली मानसं हायेत. आपसूकच थांबलं. तुमी इचारलंत तेवा कळलं.”

हे मी जसंच्या तसं आप्पांना सांगितलं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “मानसं चांगली हायेत ना? मग झालं.” पण मी निघाले तरी ते स्वयंपाकघराच्या दाराकडेच तोंड करून बसले होते.

आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी आळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. पडवीत आप्पा उभे होते, खांबाला धरून, अजिबात न हलता. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं मला जागीच थांबायची खूण केली.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्याच्याबरोबर, अगदी बारीक, दुसरं काहीतरी. दुसऱ्या ओळीला ते अडलं. थोडं थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.