आई शांत झाल्या आहेत

"रोज यायचं, धाकटे. आलीस की शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बोलायला माझ्याकडे सगळं जग येतं."

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं त्याला आता बराच काळ लोटला. कंबरेचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांना काही ना काही ऐकवलं होतं. कुणी तेल सांगितलं, कुणी व्यायाम सांगितला, आणि एकीने आपल्या मावशीचं अगदी असंच कसं झालं नि मग ती कशी गेली, ते सविस्तर सांगितलं. जाऊबाईंनी सगळ्यांना दार बंद केलं. माझ्यापुरती कडी उघडी ठेवली, तीही या अटीवर. मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "तू आल्याशिवाय मी घास घेणार नाही," आणि भिंतीकडे तोंड केलं.

दिलेला शब्द मी मोडत नाही. हे गर्वाने सांगत नाही, कारण गर्व करू नये असाही माझा एक नेम आहे, पण सांगते. ताप असो, घरात पाहुणे असोत, सकाळी आंघोळ करून मी आतल्या खोलीचं दार लोटते, माळ हातात घेते आणि बोलणं थांबवते. जप झाला की तशीच न बोलता दोन गल्ल्या ओलांडून जाऊबाईंकडे जाते. त्यांचा जिना चढून त्यांच्याजवळ बसते. त्या जेवतात. मी ताट विसळून ठेवते, घरी येते, आणि मग दिवसातला पहिला शब्द उच्चारते. या मौनाचा घरात कुणाला त्रास झाला नाही. खरं सांगायचं तर पहिले काही महिने ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एवढ्या सुरळीत चाललेल्या संसारात घड्याळ आलं.

मुलाने आणलं. म्हणाला, आई, हे मनगटावर असलं की तू कशी आहेस ते मला ऑफिसात बसून कळेल. त्याआधी तो त्यासाठी फोन करून विचारायचा. घड्याळ आल्यापासून तेवढा फोन वाचला.

पण घड्याळ स्वभावाने गरीब होतं, खोटं कशाला बोलू. पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, जप संपायच्या सुमाराला मनगटावर हलकेच टिचकी मारायचं. माळ ओढताना हात हलायचा, ते त्याला चालणं वाटायचं. मी मनात म्हणायची, बरोबर आहे रे तुझं, निघालेच आहे कुठेतरी. आमचं जमलं होतं.

मग त्याची नवी आवृत्ती आली. कुणी मागितली नव्हती. मी भांडी घासत असताना ते एकाएकी काळं पडलं, थोडा वेळ गोल गोल फिरलं, आणि जागं झालं ते भलतंच कुणीतरी होऊन. साध्या कारकुनाला बढती मिळाली की तो ओळख देईनासा होतो ना, तसं! आता ते मराठी बोलू लागलं होतं. माझी पावलं त्याने कुठल्याशा कोपऱ्यात ढकलून दिली होती आणि समोर एक रंगीत वर्तुळ काढून त्यात माझ्यावर शेरे मारायला सुरुवात केली होती. मी कपडे घासायला बसले की म्हणे, 'तुम्ही पोहत आहात.' जाऊबाईंचा जिना चढले की, 'तुम्ही तणावात आहात.' आणि आमच्या ह्यांनी "माझा चष्मा कुठंय?" विचारलं की, 'तुम्ही धावत आहात का?' हे शेवटचं मात्र बरोबर होतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या मनगटावर असलं काही आहे, त्यांना निराळं सांगायला नको. मी दुकानात गेले तर तिथे सगळी घड्याळवाली मंडळी माझ्याआधी हजर. एका गृहस्थांची घड्याळात साठलेली कित्येक वर्षांची झोप पुसली गेली होती, आणि आता ती सगळी पुन्हा झोपून द्यावी लागणार असल्यासारखे ते भांडत होते. दुकानातली मुलगी प्रत्येकाला तेच सांगत होती की जुनं आता परत येत नाही. मला म्हणाली, काकू, ही सुधारणा आहे, हळूहळू सवय होते. माझ्या लग्नातही मला कुणीतरी हेच सांगितलं होतं.

मुलाने रविवारी घड्याळ हातात घेतलं, भराभर बोटं फिरवली आणि त्यातलं 'कुटुंबाला कळवत राहा' सुरू करून दिलं. त्यामुळे माझी बरीवाईट खबर आता ह्यांच्या, त्याच्या आणि सुनेच्या, अशा तिघांच्या फोनवर आपोआप जाऊ लागली. निदान मला विचारायचे तरी कष्ट नकोत.

आता त्या दिवशीची गोष्ट. मला ती मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळली, तुम्हाला सरळ सांगते.

त्या सकाळी जप फार छान लागला. मन स्थिर झालं, श्वास संथ झाला, माळेवरची बोटंसुद्धा थांबली. इतक्या वर्षांत असं क्वचितच होतं. नेमकं तेव्हाच घड्याळाने तिन्ही फोनवर कळवलं:

'आई शांत झाल्या आहेत. कुटुंबीयांनी काळजी करू नये.'

आपल्याकडे माणूस जिवंतपणी कितीही वेळा शांत असतो. शांत 'होतो' तो एकदाच. हे त्या घड्याळाला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाने ऑफिसातून ह्यांना फोन लावला.

"बाबा, मेसेज बघितला?"

"बघितला रे. आत्ताच आला."

"तुम्ही आहात कुठे?"

"घरीच. बाहेरच्या खोलीत."

"आणि आई?"

"आत आहे. दार लोटलंय."

"मग उघडून बघा ना!"

"जपाच्या वेळी दार उघडायचं नाही, असं तिनेच सांगून ठेवलंय."

आमच्या सबंध संसारात ह्यांनी माझं मनावर घेतलेलं हे एकच वाक्य.

फोन ठेवून ह्यांनी सर्वांत आधी आपल्या वहिनीला, म्हणजे जाऊबाईंना कळवलं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना कळवलं. त्यांना माघारी सगळे भोंगा म्हणतात, त्यामुळे तिसऱ्या कुणाला कळवावं लागलं नाही. थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग पडला.

आत मला हुंदके ऐकू आले. 'शांत झाली हो,' असं कुणीतरी म्हणालं. जाऊबाई गेल्या! माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. उठून धावत सुटावं असं वाटलं, पण माळ अर्ध्यावर होती, आणि त्यांच्यासाठी आता तेवढंच करता येण्यासारखं होतं. मी भराभर मणी ओढू लागले. छाती धडधडायला लागली. घड्याळाने ताबडतोब तिघांना कळवलं:

'आई वेगाने पुढे जात आहेत. अभिनंदन!'

ते वाचून ह्यांनी मोठा गळा काढला म्हणे. पुण्यवान होती, तिला वाटेत कुणी अडवायचं नाही, असं भोंग्याने सगळ्यांना समजावून सांगितलं.

दाराआडून मी ऐकत होते. भोंगा म्हणत होता की एवढी मऊ बोलणारी बाई या इमारतीत दुसरी झाली नाही. मी चपापले. आमच्या जाऊबाईंना मऊ म्हणणं म्हणजे किसणीला उशी म्हणणं. मग सुनेचा आवाज आला. आता माझ्या धाकट्या लेकीला शाळेतून कोण आणणार, असं ती रडत रडत विचारत होती. जाऊबाई अंथरुणातून उठून शाळेत कधी गेल्या? तेवढ्यात ह्यांनी विचारलं, घरात साखर कुठे असते ते कुणाला माहीत आहे का.

तेव्हा मला उलगडलं की गेलेली मीच आहे.

लगेच दार उघडायला हवं होतं, कबूल. पण आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी माणसाला सहसा मिळत नाही, आणि माळेचे थोडे मणीही राहिले होते. मी कान दाराला लावला. कुणीतरी माझं वय विचारलं. ह्यांनी सांगितलं, ते चुकीचं होतं, आणि माझ्या फायद्याचंही नव्हतं. मग समोर ठेवायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. एका फोटोत मी कुणाची तरी पर्स सांभाळत मागे उभी होते, एकात माझा फक्त खांदा आला होता. बाकीचे सगळे मीच काढलेले. शेवटी सूनच म्हणाली, घड्याळाच्या खात्यावर त्यांचा एक फोटो आहे, तोच घ्या. मला काय आवडायचं यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मला काय काय जमायचं याची मात्र भली मोठी यादी झाली, आणि ती कामं वाटून घेताना आवाज चढले.

शेवटचा मणी ओढला, माळ डोळ्यांना लावली आणि दार उघडलं.

भोंग्याची किंकाळी मी शब्दांत उतरवत नाही. एक खुर्ची मोडली. ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दोघांत खरं कोण, हे त्यांचं काही केल्या ठरेना.

"अगं, पण यात तर…" एवढंच ते म्हणाले.

मी अर्थातच काही बोलले नाही. जाऊबाईंकडे जाऊन आल्याशिवाय मी बोलत नाही. पण हे त्या क्षणी कुणाला आठवतं! वाचा गेली, वाचा गेली, असा एकच गलका झाला. वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात, त्यांना आणलं. ते दातांचे आहेत, पण अशा वेळी कोण बघतो! त्यांनी सवयीने मला खुर्चीत बसवून मान मागे केली.

"आ करा."

मी ओठ घट्ट मिटले. जाऊबाईंची अट तोंड उघडायचं नाही अशी होती, आणि अटीत दातांच्या डॉक्टरांसाठी सूट नव्हती. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी मान हलवली. त्यांनी हनुवटी धरून पाहिली आणि गंभीर होऊन जाहीर केलं की दातखीळ बसली आहे. मग माझं मनगट हातात घेतलं. वाटलं, चला, नाडी तरी बघतील. त्यांनी घड्याळ बघितलं. वर्तुळ लालभडक होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'तुम्ही पोहत आहात.'

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. ऑफिसातून निम्मी वाट तो पळत आला होता, आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याचं कौतुक करत होतं. मला बसलेली पाहून त्याचा चेहरा आधी फुलला. तेवढा एक क्षण माझा होता, तो मी कुणाला देणार नाही. पुढच्या क्षणी तो चिडला.

"आई, हे मौन वगैरे आता पुरे. तू नुसतं 'ओ' दिलं असतंस तरी एवढं रामायण झालं नसतं. किती लोकांना त्रास झाला, बघ तरी."

खोलीभर माना डोलल्या. मी न मेल्यामुळे ज्यांची गैरसोय झाली होती, त्या सगळ्यांची मनातल्या मनात क्षमा मागून मी ह्यांच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं: 'जाऊबाईंना कुणी कळवलंय का?'

ह्यांनी मान खाली घातली. मीच कळवलं, म्हणाले.

मी पुन्हा लिहिलं: 'त्या काय म्हणाल्या?'

"वहिनींना धक्का बसला असावा. भलतंच बोलल्या. म्हणाल्या, 'काहीतरी सांगू नकोस. तिची यायची वेळ व्हायची आहे अजून. मी जेवायची थांबते.' आणि फोन आपटला. आता उचलत नाहीयेत."

सगळे हळहळले. बिचाऱ्या, या वयात भ्रम होतोच, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र ती ओळ मनात दोनदा फिरवली. एका भिंतीपलीकडे बसलेल्या नवऱ्याला जे कळलं नाही, ते दोन गल्ल्यांपलीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याकडे घड्याळ नाही.

मी उठले. चार हातांनी मला खाली बसवलं. वर्तुळ लाल आहे, वर्तुळ हिरवं होईपर्यंत हलायचं नाही, असं मुलाने बजावलं. जाऊबाईंकडचं काय ते नंतर बघू, म्हणाला. भोंग्याने माझ्या पायांवर शाल टाकली. भिंतीवरच्या घड्याळात जाऊबाईंच्या जेवणाची वेळ टळत चालली होती. आणि त्या जेवणार नव्हत्या.

मग मला सुचलं. मी मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ टेबलाच्या मधोमध ठेवलं.

सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मुलाने कंपनीला फोन लावला, तिकडून वाद्यसंगीत सुरू झालं. डॉक्टर आकडे वाचू लागले. सून जुनी आवृत्ती परत कशी आणायची ते शोधू लागली. ह्यांनी चष्मा मागितला, मी दिला, आणि त्यांनी तो न बघता घेतला. मी शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली, दारापाशी जाऊन ढिगातून माझ्या चपला शोधल्या. कुणाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. सगळे माझी काळजी करण्यात गढून गेले होते.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तोच आत तीन फोन एकदम वाजले. ह्यांचा आवाज आला.

"झाली बाई एकदाची शांत. चला, आता बोलू नका कुणी. पडू दे तिला जरा."

मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. ओठ मिटलेलेच होते. पाय भराभर उचलायला हवे होते, कारण उशीर झाला होता, आणि मेल्याची सबब जाऊबाई ऐकून घेणार नाहीत.