हकीकत पाणबुड्या घड्याळाच्या विक्रीची

तमाम घड्याळप्रेमी सज्जन, त्यांचे बोलणे सोसणारी कुटुंबे, आणि मनगटावर काय बांधले आहे याचे ज्यांस काडीचेही सोयरसुतक नाही असे सुखी लोक, या सर्वांस विदित व्हावे की, चष्मेवाले यांजकडील पाणबुड्या घड्याळ इंटरनेटवरील 'काटेकोर मंडळी'त कैसे विकले गेले, त्या कामी कोण पेचात आले, कोणी शर्थ केली आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, ही हकीकत पदरची मीठमिरची न लावता, लावलीच तर चवीपुरती, येणेप्रमाणे लिहिली असे.

चष्मेवाले म्हणजे खासे गृहस्थ. बाजाराच्या तोंडाशी चष्म्यांचे दुकान, दुकानात चहूंकडे आरसे, आणि गिऱ्हाईक नजर तपासावयास बसले की खाशांची नजर आधी त्याच्या मनगटावर जाई, आणि मग चष्म्याचा नंबर राहे बाजूला आणि घड्याळाची कुळकथा सुरू होई. घरी कपाटाचा मधला खण त्यांनी मोज्यांच्या अमलाखालून लढून घेतला होता आणि तेथे घड्याळांचे ठाणे बसविले होते. सर्व घड्याळे बंद, आणि सर्वांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर उभे. हा मंडळीचा दस्तूरच होता. त्या वेळी दोन्ही काटे ऐटीत फाकलेले दिसतात, मधले कारखान्याचे नाव उघडे राहते आणि छायाचित्र शोभिवंत येते. सबब मंडळीतील एकही इज्जतदार घड्याळ दुसरी वेळ दाखवीत नसे. आणि मनगटी घड्याळ असता वेळेसाठी फोनकडे पाहणे, हे तर मंडळीत कुळास बट्टा लावण्यापैकी गणले जाई.

खाशांचे कुटुंब बाईसाहेब, शाळेत भूगोल शिकवीत असत. त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी घड्याळांच्या गोष्टी कौतुकाने ऐकिल्या, मग सवयीने ऐकिल्या, मग उत्तरपत्रिका तपासता तपासता 'हं' म्हणोन ऐकिल्या, आणि मग ऐकणे बंद करून केवळ 'हं' चालू ठेविले. पुढे खाशांस काटेकोर मंडळी सापडली आणि स्प्रिंग, किल्ली, काच, पट्टा यांविषयीचा सारा भडिमार फोनवरून तिकडे वळला, आणि घरात शांतता नांदू लागली. बाईसाहेब त्या मंडळीस मनोमन दुवा देत असत.

मग ऐसे वर्तले की, मंडळीतील एका दंतवैद्याने परगावाहून घड्याळ मागविले, आणि पार्सल उघडिले तो आत अंगाच्या साबणाची वडी. साबण सुगंधी होता, तथापि वेळ दाखवीत नव्हता. मंडळीत हाहाकार जाहला, जो तो दुसऱ्यास चोर समजू लागला, आणि मग मंडळीचे ॲडमिन, ज्यांस कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते परंतु ज्यांचा धाक सर्वांस होता, त्यांनी फर्मान काढिले की, विकणाराने घड्याळाखाली स्वहस्ते नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून छायाचित्र द्यावे, आगाऊ पैसा कोणी मागू नये, उभयतां एकाच शहरी असतील तर दिवसाउजेडी चारचौघांत समक्ष भेटावे, आणि ज्याच्या नावे तीन तक्रारी येतील त्यास मंडळीतून कायमचा बडतर्फ करावे.

फर्मान निघून महिना होतो न होतो तोच खाशांच्या नावे दोन तक्रारी जाहल्या. एकदा चिठ्ठीवरील नावावर त्यांचा आपलाच अंगठा आला, आणि एकदा पैसे घेऊन तयार बसलेल्या गिऱ्हाइकास त्यांनी स्प्रिंगच्या धातूविषयी इतके समजावून सांगितले की ते गिऱ्हाईक घड्याळांचा नाद सोडून पोस्टाची तिकिटे जमवू लागले. आता तिसरी तक्रार म्हणजे देशोधडी. हे वर्तमान खाशांनी जेवता जेवता सांगितले तेव्हा बाईसाहेबांच्या हातचा घास हाती राहिला.

"म्हणजे तुम्हाला काढलं, तर ते सगळं पुन्हा मी ऐकायचं?"

खाशांनी मान डोलाविली. त्यांस वाटले, बाईसाहेबांस आपली दया आली.

तेथून मोहिमेची सूत्रे बाईसाहेबांनी स्वहस्ते घेतली. विकावयाचे ते पाणबुड्या घड्याळ, निळ्या तबकडीचे, खोल पाण्यात बुडी मारणाराने बांधावे ऐसे जाडजूड. त्यास घेणार उभे राहिले ते मंडळीत 'लंबकराव' या टोपणनावाने वावरत. पेशाने लिफ्टदुरुस्ती करणारे, मितभाषी, आणि त्याच शहरचे. उभयतांस एकमेकांविषयी साबणाचा संशय. मग बहुत खलिते गेले आणि आले, आणि ठरले की रविवारी अकरा वाजता पोलीस चौकीसमोरील बाकावर भेटावे, म्हणजे दगाफटका करणाराचे पाय आपोआप लटपटतील. बाईसाहेबांनी नकाशा काढून वाट आखून दिली, आणि हुकूम केला की खाशांनी फोन घरीच ठेवावा. घड्याळ लुटले गेले तर एक वेळ चालेल, फोनमध्ये मंडळी आहे, ती जाता कामा नये.

रविवारी खाशांनी मनगटी काय बांधावे याचा खल चालविला. विकावयाचे घड्याळ खिशात, तर मनगटावर त्याहून भारी नको, हलकेही नको. हे बांधिले, ते सोडिले, आणि अखेर पांढऱ्या तबकडीचे एक जुने चावीचे घड्याळ बांधून कूच केले. चौकीसमोर येऊन पाहतात तो बाक रिकामा. मनगटी पाहिले तो दहा वाजून दहा मिनिटे. खासे स्वतःवर बेहद्द खूश जाहले, आणि अवकाश पुष्कळ आहे ऐसे जाणून कोपऱ्यावरील चहाच्या दुकानी गेले.

इकडे खाशांची पाठ वळते तोच लंबकराव आले. बाक रिकामा. मनगटी पाहिले, तो दहा वाजून दहा मिनिटे. तेही स्वतःवर खूश जाहले आणि दाढी करावयास न्हाव्याकडे गेले. मग खासे चहा पिऊन आले, बाक रिकामा, मनगटी दहा वाजून दहा, आणि पुन्हा चहास गेले; आणि मग लंबकराव गुळगुळीत होऊन आले, बाक रिकामा, मनगटी दहा वाजून दहा, आणि मग डोक्यास मालीश करविण्यास गेले. ऐसे किती वेळ चालले ते त्या दोघांस कळणे शक्यच नव्हते. आजची सकाळ भलतीच लांबली आहे, इतके मात्र दोघांच्याही मनात आले.

अखेर न्हाव्याने जेवणासाठी दुकानाचे दार ओढून घेतले तेव्हा लंबकरावांस शंका आली. त्यांनी लाज गिळून फोनकडे पाहिले, आणि पाहतात तो भर दुपार! विक्रेता आलाच नाही, साबणवालाच निघाला, ऐसे समजून त्यांनी तेथूनच मंडळीत तक्रार गुदरली. ॲडमिन यांनी तत्क्षणी फर्माविले की, चष्मेवाल्यांनी संध्याकाळच्या आत विक्री पुरी करून दाखवावी, न पेक्षा बडतर्फ.

हे फर्मान खाशांच्या फोनवर उमटले, तो बाईसाहेबांच्या समोर टेबलावर होता. त्यांनी हातचा तांबडा पेन टाकिला, पायांत सापडतील त्या चपला घातल्या, आणि वायुवेगे चौकीकडे निघाल्या. चहाच्या दुकानी खासे बाकड्यावर निवांत बसले होते आणि चहावाल्यास किल्लीचे प्रकार सांगत होते. चहावाला भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"किती वाजले?" बाईसाहेबांनी विचारिले.

"दहा दहा. अजून पुष्कळ वेळ आहे. तू कशाला आलीस एवढ्यात?"

"अहो, काटा हलत नाहीये तो!"

"तो हलायचा नसतोच. तसाच छान दिसतो."

बाईसाहेबांनी खाशांचे मनगट धरिले आणि त्यांस घेऊन त्या बाकापाशी आल्या. तेथे लंबकराव तेलकट डोक्याने आणि तांबड्या डोळ्यांनी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी चौकीचे ठाणे अंमलदार कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बाई, हे दोघं तुमचे का?" अंमलदार म्हणाले. "सकाळपासून पाळीपाळीनं येतायत, मनगट बघून हसतायत आणि जातायत. एकाला पकडायला बाहेर यावं, तर तो गेलेला."

तेव्हा बाईसाहेबांनी लंबकरावांचेही मनगट धरिले, आणि दोन्ही मनगटे शेजारी शेजारी अंमलदारांपुढे केली. दोन्हीकडे दहा वाजून दहा मिनिटे. आता हे दोघे शरमून माना खाली घालतील ऐसे सर्वांस वाटले. परंतु खाशांनी लंबकरावांच्या मनगटाकडे पाहिले आणि लंबकरावांनी खाशांच्या, आणि दोघेही एकदमच "वा!" म्हणाले. त्या क्षणी साबणाचा संशय समूळ फिटला. चोर असता तर घड्याळाची वेळ लावून आला असता.

मग व्यवहार मांडिला. चिठ्ठी लिहिली, अंगठा दूर ठेविला, पैसे चुकते जाहले. परंतु लंबकरावांच्या फोनवर ॲडमिन यांचे नवे फर्मान आले की, जुने छायाचित्र चालणार नाही, घड्याळाने या घडीची खरी वेळ दाखविली पाहिजे. ती खरी वेळ होती एक वाजून पाच मिनिटे. दोन्ही काटे एकावर एक चढून तबकडीवर एकच काटा उरणार, हे ध्यानी येताच उभयतां वीर गर्भगळीत जाहले. लंबकरावांनी रदबदली केली की दोन वाजेपर्यंत थांबावे, खाशांनी सुचविले की उद्या सकाळी दहानंतर बघावे. बाईसाहेबांनी घड्याळ उचलिले, किल्ली ओढिली आणि काटे कराकरा फिरविले. दोघांनी डोळे मिटून घेतले. छायाचित्र अंमलदारांनी काढिले, त्यात घड्याळ स्पष्ट आले आणि मागे दोन सज्जन प्रेतयात्रेस आल्यासारखे आले.

ॲडमिन यांनी तक्रार रद्द केली आणि 'व्यवहार निर्धोक पार पडला' ऐसा शेरा मारिला.

मग खाशांनी पाणबुड्यास शेवटची चावी दिली. लंबकराव घड्याळ मनगटी बांधीत म्हणाले, "मी रोज सकाळी तलावावर पोहायला जातो. यालाही नेईन."

"न्या," खासे म्हणाले. "आमच्याकडे त्यानं कधी पाणी पाहिलंच नाही. मोज्यांशेजारी पडून असायचं. वाईट वाटायचं मला, म्हणून विकलं."

"कधीपासून?" लंबकरावांनी विचारिले. आणि मग खासे बोलू लागले, आणि लंबकराव मध्येच "आणि मग?" इतकेच म्हणत, आणि खासे पुढे सांगत. बाईसाहेब बाकाच्या टोकास बसून घरी जाण्याची वाट पाहत होत्या. त्यांची नजर सहज नवऱ्याच्या तोंडाकडे गेली. हे तोंड त्यांनी पूर्वी पाहिले होते, लग्नानंतर पहिल्या वर्षी. ते इतकी वर्षे कोठे गेले होते, याचा त्यांनी विचार केला, आणि उत्तर सापडले तेव्हा त्यांस फार वाईट वाटले.

मग लंबकराव गेले, अंमलदार चौकीत गेले, आणि उभयतां घरच्या वाटेस लागले. खासे गप्प होते. ही गोष्ट इतकी अपूर्व की बाईसाहेबांनी दोनदा वळून पाहिले. अखेर त्यांनीच तोंड उघडिले.

"तुम्हाला तर पोहता येत नाही. मग पाण्यातलं घड्याळ घेतलं कशाला होतं?"

"शिकणार होतो."

औषधांचे दुकान मागे पडले, शाळेची भिंत मागे पडली.

"आणि मग?" बाईसाहेबांनी विचारिले.

खासे चालता चालता थबकले. आपण बरोबर ऐकिले की नाही, याची त्यांस खात्री होईना. मग ते हळूच सांगू लागले की, घड्याळ बांधून तलावाच्या फाटकापर्यंत गेलो होतो, आत पोरे धडाधड उड्या मारीत होती, आणि या वयात त्यांच्यासमोर पाठीस पोहण्याचा डबा बांधून कसे उतरावे म्हणोन परत आलो. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. "आणि मग?" बाईसाहेब म्हणाल्या. मग घर आले, आणि दोघेही घरावरून तसेच पुढे निघून गेले.

येणेप्रमाणे पाणबुड्याची मोहीम फत्ते जाहली. संध्याकाळी काटेकोर मंडळी झाडून जमली, कारण खासे आता या विक्रीची हकीकत विस्ताराने सांगणार आणि ती मध्यरात्रीच्या आत संपणार नाही, हे सर्वांस ठाऊक होते. मंडळीने बहुत वाट पाहिली. खुद्द ॲडमिन यांनी विचारणा केली. खासे आले नाहीत. त्यांचे बोलणे अन्यत्र चालू होते. ही नोंद खरी असे.