पाचव्या माणसाचा चेहरा

शमशुद्दीन तांबोळींचा एक दावा होता आणि तो आजवर कुणी खोडून काढलेला नव्हता, कारण तो ऐकायलाच कुणी नव्हतं! दावा असा, की ‘द नाइट लॉन्ड्री’ हा सिनेमा अख्ख्या पुणे शहरात त्यांच्याइतका कुणाला कळलेला नाही.

सिनेमा अमेरिकेतला, जुना, काळा-पांढरा. चार जण लॉन्ड्रीच्या तळघरातून भिंत फोडून शेजारच्या जवाहिऱ्याच्या तिजोरीपर्यंत पोचतात आणि पाचवा दाराशी अंधारात पहारा देत उभा राहतो. सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, तोंडात सिगारेट आणि कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. जणू दरोडा घालायला नाही, तर सोसायटीच्या वार्षिक सभेला निघालेत!

तांबोळींकडे या एकाच सिनेमाच्या चार कॉप्या होत्या. एक जुनी व्हिडिओ कॅसेट, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे, आणि आता लंडनहून मागवलेली फोर-के. कॅसेटमध्ये सगळं चित्र डाळीच्या पाण्यासारखं करडं. डीव्हीडीत कुणा अतिशहाण्यानं चेहरे एवढे घासूनपुसून काढलेले, की दरोडेखोर मेणाचे वाटावेत. ब्लू-रे बरी. पण फोर-के! त्यातला काळा रंग म्हणजे काळा. आणि त्या काळ्याच्या आत, नीट पाहिलं तर, आणखी काळा!

कॅम्पात उभा जन्म चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत “हे बरं दिसतंय, की हे?” असं विचारण्यात आयुष्य गेलं. दुकान विकलं, मग बायको मदिनाबी गेली, आणि विचारायला माणूस उरलं नाही. मुलगा इमाद खराडीला मोठ्या कंपनीत. त्यानं अब्बांना भलाथोरला टीव्ही घेऊन दिला, आणि तेव्हापासून अब्बांचं मन रमलं असं धरून चालला. फोर-के आली त्या दिवशी तांबोळींनी त्याला फोन लावला.

“इमाद, अरे, पाचव्या माणसाचा चेहरा दिसतो! भुवईसुद्धा!”

“अब्बा, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी करतो.”

संध्याकाळ झाली. फोन काही आला नाही. तांबोळींनी भुवई पुन्हा एकदा पाहिली. एकट्यानं पाहून भुवईला अर्थ नसतो हो! शेजारी कुणीतरी “अरेच्चा!” म्हणायला लागतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं. क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम करायचा! एकच प्रसंग, चार कॉप्या, एकापाठोपाठ एक. मृद्गंध सोसायटीला एकदा कळू तर दे, आपल्यात कोण राहतो ते! त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला:

‘सर्व सभासदांना विनंती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता क्लबहाऊसमध्ये दरोड्याचा प्रसंग चार वेगवेगळ्या कॉप्यांमधून दाखवण्यात येईल. पहिल्या कॉपीत पाचवा माणूस दिसतच नाही. चौथीत त्याचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो. जरूर यावे. तांबोळी, ए विंग.’

सिनेमाचं नाव लिहायचं राहून गेलं. खरं तर ‘सिनेमा’ हा शब्दच राहून गेला. तांबोळींच्या लेखी जगात दरोडा एकच होता!

मृद्गंध सोसायटीच्या लेखी मात्र दुसरा होता. त्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाक्यांचे पितळी व्हॉल्व्ह कुणीतरी काढून नेले होते. खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं, आणि मृद्गंधमधली माणसं बादल्या घेऊन टँकरपुढे उभी! ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. पण रोजच्या ‘शुभ सकाळ’ला कंटाळून तांबोळींनी ग्रुपचा आवाज कधीच बंद केलेला, आणि तळमजल्यावर त्यांना पाणी थेट महापालिकेच्या नळाचं. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दारावरची बेल वाजली. तांबोळी दचकले. त्यांना वाटलं होतं, ती बिघडली असावी.

दारात बी विंगच्या कल्याणी गोडबोले, हातात झाकलेली वाटी. या बाई गेल्या पाच वर्षांत त्यांच्याशी एकदाच बोलल्या होत्या. “तुमची स्कूटर आमच्या जागेत आहे,” एवढंच.

“शिरा केला होता, म्हटलं तुम्हाला द्यावा,” त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर टेकल्या. “तांबोळी, ते तुमचं रविवारचं... किती वाजताचं आहे हो? म्हणजे प्रसंग. सकाळचा, का रात्रीचा?”

“रात्रीचा. संपूर्ण अंधार!”

“बागेतला नाही ना?”

“बाग येते की सुरुवातीला. एक बाई फुलं घेऊन जाते.”

कल्याणीताईंचा चेहरा जास्वंदीसारखा झाला. “ती बाई... ओळखू येते?”

“चौथ्या कॉपीत बोटातली अंगठीसुद्धा दिसते!”

“हे बघा, देवालाच वाहते मी ती फुलं,” असं काहीतरी पुटपुटत ताई उठल्या, आणि संध्याकाळी मटकीची उसळही देऊन गेल्या. तांबोळी विरघळले. काय रसिक बाई! आणि पाच वर्षं आपण स्कूटरवरून मनात राग धरून बसलो!

मग आला वरच्या मजल्यावरचा सुदर्शन. आयटीतला. जिन्यात दिसला तरी कानात इअरफोनची बोंडकं घालून जायचा.

“काका, हेल्प काही लागली तर सांगा हां. टीव्ही मी उचलून नेतो क्लबहाऊसला. फक्त एक विचारायचं होतं. पार्किंगच्या मागे कोणी स्मोकिंग करताना दिसतं का?”

“अरे, सगळेच ओढतात! तो धूर बघण्यासारखा आहे. कॅसेटमध्ये धुकं वाटतं, आणि नव्या कॉपीत एकेक वलय वेगळं!”

“आईबाबा पण येणार आहेत हो रविवारी,” सुदर्शन केविलवाणा होऊन म्हणाला.

“अरे वा! त्यांना पुढे बसव!”

सर्वांत शेवटी आले सेक्रेटरी उत्तरेश्वर गिते. मूळचे बार्शीकडचे, अंगानं दणकट. पण त्या दिवशी आवाज मांजरासारखा. हातात बुंदीचे लाडू.

“तांबोळीसाहेब, हे तुमच्याकडं आलं कुठनं? कॅमेरे तर...”

“जमवलं हो. कित्येक वर्षं लागली.”

“वर्षं?!”

“शेवटची कॉपी तर लंडनहून आली.”

गितेंनी कपाळाचा घाम पुसला. “लंडनपर्यंत गेलं का हे प्रकरण!”

“तिथंच साफसफाई केली ना त्यांनी. एकेक फ्रेम धुऊन काढली.”

“माझं नाव नाही ना कुठं?”

“तुमचं कसं असेल?” तांबोळी हसले. “पण असं करा, सुरुवातीला दोन शब्द तुम्हीच बोला.”

गिते बसल्या जागी एक लाडू स्वतःच खाऊन निघून गेले.

तो आठवडा तांबोळींनी तरंगत काढला. रोज कुणी ना कुणी यायचं, बसायचं, चहा घ्यायचं आणि पाचव्या माणसाबद्दल विचारायचं. उंची किती? चालतो कसा? आपल्यातलाच वाटतो का? तांबोळी सगळ्यांना भरभरून सांगत. मदिनाबीनंतर पहिल्यांदा त्यांनी कपाटातले पाहुण्यांचे कप काढले आणि विसळून ओट्यावर मांडूनच ठेवले. इमादलाही मेसेज केला, ‘रविवारी ये. इथं फार मागणी आहे.’ त्यावर अंगठ्याचं चित्र आलं.

रविवारी क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती! गणपतीच्या आरतीलाही न फिरकणारी माणसं खुर्च्या धरून बसली होती. इस्त्रीचा झब्बा घातलेले तांबोळी टीव्हीशेजारी उभे राहिले.

“मी फार बोलत नाही. बघा, आणि तुम्हीच सांगा.”

आधी कॅसेट सुरू झाली. करडी बाग, करडी गल्ली, मिणमिणता दिवा.

“हा सी विंगचा मागचा जिना का?” कुणीतरी कुजबुजलं.

“कॅमेरा अगदीच फालतू बसवलाय.”

“अहो, आवाज येतोय! आपल्या कॅमेऱ्यांना आवाज आहे?” घोगऱ्या आवाजात हे विचारणाऱ्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर पार्किंगमध्ये बोललेलं सगळं काही क्षणात आठवल्याचं दिसत होतं.

पडद्यावर हॅटवाला बोलू लागला. इंग्रजीत.

“हा कोण गोरा?”

“भाडेकरू असेल. हल्ली कुणालाही ठेवतात.”

कॅसेट संपली, डीव्हीडी लागली. पुन्हा तीच गल्ली, तोच गोरा. तांबोळी प्रत्येक चेहऱ्याकडे आशेनं बघत होते. “फरक जाणवला? मेणासारखे दिसतात की नाही?” तिसरी कॉपी लागली, आणि लांब झगा घातलेली तीच बाई तिसऱ्यांदा मोटारीतून उतरली. तेव्हा कल्याणीताई उभ्या राहिल्या.

“तांबोळी, हा सिनेमा आहे!”

“म्हणजे काय! उत्तम सिनेमा आहे.”

“आणि आमचे व्हॉल्व्ह?”

“कुठले व्हॉल्व्ह?”

टीव्हीतल्या छिन्नीचा ठोका भिंतीवर पडला. मग सगळे एकदम बोलू लागले.

“वाटलंच मला!” सुटकेच्या भरात गिते ओरडले. “कॅमेरे दिवाळीपासून बंदच आहेत, फुटेज येईल कुठनं?”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोललो.

“दिवाळीपासून बंद?!” सुदर्शन किंचाळला. “म्हणजे मी उगाच सिगारेट...” त्याच्या आईनं मान वळवली.

“आणि मी उगाच आठवडाभर जास्वंदीला हात लावला नाही!” कल्याणीताई म्हणाल्या. “शिरा केला, उसळ केली...”

“फुलं तुम्ही नेता होय!” मागून कुणीतरी गरजलं.

झालं! सगळी सभा एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत उठली. जाता जाता एका आजोबांनी तांबोळींच्या खांद्यावर हात ठेवला. “छान होता कार्यक्रम. पुढच्या वेळी असं काही कराल, तेव्हा आधी कळवा. म्हणजे बाहेरगावी जाता येईल.”

भांडण जिन्यावरून खाली पार्किंगमध्ये उतरलं आणि हळूहळू लांबून ऐकू येऊ लागलं.

तांबोळी रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभे राहिले. शिरा, उसळ, लाडू... त्यातलं काहीच त्यांच्यासाठी नव्हतं तर! ते कप उगाच काढले. टीव्हीत तिजोरी फोडणं चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. चौथी कॉपी डबीतच राहिली होती. घरी जाऊन एकट्यानं बघू म्हटलं तरी आता नको वाटत होती.

“बंद का केलं?”

तांबोळींच्या हातून वायर सुटली. शेवटच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. गितेंची आई, सुशीलाबाई. गावाकडून लेकाकडे आलेल्या.

“आजी, तुम्ही गेला नाहीत खाली?”

“भांडणं काय, गावाकडं बी हायेत. घरी जाऊन तरी काय करू? ल्योक फोनवर, सून फोनवर. मी आपली भिंतीकडं बघत बसते. इथं निदान माणसं हलत्यात.” त्या उठून पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या. “मला येक सांगा. ती माणसं शेवटाला घावत्यात का?”

तांबोळींचा चेहरा उजळला. अखेर एक प्रेक्षक! “हो, धरले जातात. सगळे!”

“पयल्या कॅशेटीत?”

“हो.”

“आन दुसऱ्यात?”

“त्यातही.”

“चारी बी ठिकानी घावत्यात?”

“चारही ठिकाणी.”

सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. “मंग चार कशापायी घेतल्या?”

तांबोळींनी तोंड उघडलं. काळ्यातला काळा, धुराची वलयं, बोटातली अंगठी, सगळं ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. कॅम्पातल्या दुकानात त्यांना हजार प्रश्न विचारले गेले होते, पण असा नाही.

“वेळ जातो हो,” ते शेवटी म्हणाले.

“ते बरं हाय,” सुशीलाबाई म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. “लावा मग चवथी. फकस्त आवाज बारीक करा. माझा डोळा लागायलाय.”

त्यांनी चौथी लावली. नावं संपायच्या आत सुशीलाबाई घोरायला लागल्या, चांगल्या दणदणीत. तांबोळींनी शेजारची खुर्ची ओढली, रिमोट घेतला आणि सिनेमाचा आवाज आणखी बारीक केला. मदिनाबीनंही हा सिनेमा कधी पहिल्या दहा मिनिटांपुढे पाहिला नव्हता.