पळसाचं फूल आणि सगळ्यांची टेकडी

एका जंगलात, बाळांनो, एक टेकडी होती आणि ती सगळ्यांची होती. सगळ्यांची म्हणजे नक्की कुणाची, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे बरं चाललं होतं.

टेकडीवर बिबळेराव शिकारीला यायचे. घराणंच शिकाऱ्यांचं. पणजोबांपासून एकाच खडकामागे दबा धरून बसायची रीत.

पुढं नदीकाठच्या सांबरांना टेकडी चढायचं वेड लागलं. नदीकाठी चारा भरपूर, काम काही नाही, पोटं सुटलेली. मग पहाटे टोळकं निघायचं. पुढे सांबरकाकू, मागे बाकीचे धापा टाकत. वर जायचं, "काय हवा आहे" म्हणायचं आणि खाली यायचं. याला ते भटकंती म्हणत.

आता भांडण होणारच. बिबळेराव श्वास रोखून बसायचे आणि सावज टप्प्यात आलं रे आलं, की काकूंचं टोळकं गाणी म्हणत वळणावर उगवायचं. सावज पसार. एके दिवशी वैतागून त्यांनी टोळक्यातलेच एक काका खाल्ले.

"अंधारात नीट दिसलं नाही," असं ते नंतर म्हणाले.

"एवढी शिंगं दिसली नाहीत?" काकूंनी विचारलं.

"ती दिसली. म्हणून ती ठेवली."

प्रकरण अस्वलसाहेबांकडे गेलं. हे जंगलाचे कारभारी. त्यांनी दोन्हीकडचा मध चाखला आणि निकाल दिला.

"जो फिरायला येईल, त्यानं कानामागे पळसाचं फूल खोवावं. फूल दिसलं की बिबळेरावांनी पंजा आवरायचा. फूल नसेल तर त्यांचा हक्क. शिकारही राहिली, भटकंतीही राहिली. समतोल साधला."

पळस बारा महिने कसा फुलतो, असं विचारणाऱ्या मुलांनी गोष्टीला बसू नये, अभ्यासाला बसावं.

निकाल सगळ्यांना आवडला. गवतोबा नावाच्या सशाला तर फारच आवडला. तो टेकडीवरच राहायचा. सकाळी त्यानं स्वतःच्या, बायकोच्या आणि पिल्लांच्या कानामागे फुलं खोवली आणि सगळं कुटुंब बिळाबाहेर चरायला बसलं.

खडकामागून बिबळेराव झेपावले. फूल दिसताच कसेबसे कुशीवर कोसळले.

"माफ करा," अंग झटकत ते म्हणाले. "फिरायला आलात वाटतं. चालू द्या."

काही म्हणा, गडी कायद्याचा पक्का होता.

मग काय, तितर फूल लावू लागले. साळिंदरं लावू लागली. घुशीसुद्धा फूल लावल्याशिवाय तोंड बाहेर काढेनात. बिबळेरावांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. त्यांनी तक्रार केली आणि अस्वलसाहेब स्वतः टेकडी चढून आले. पहिला सापडला गवतोबा.

"काय रे, फूल कशाला लावलंस?"

"फिरायला आलोय, साहेब."

"कुठून?"

"या बिळातून."

"आणि जाणार कुठं?"

"याच बिळात."

"याला फिरणं म्हणत नाहीत, याला राहणं म्हणतात. फिरायला येणारा लांबून येतो, दमतो, आणि परत जातो. काढ ते फूल."

गवतोबानं फूल काढलं. "साहेब, शिकार करणाऱ्यांची सोय झाली. फिरणाऱ्यांची झाली. आमचं काय?"

"तुम्ही बैठकीला का नाही आलात?"

"बोलावलं नव्हतं."

"बोलवायचं कशाला? तुम्ही तर इथंच असता."

अस्वलसाहेब गेले. पलीकडे खडकामागे बिबळेराव मिशा साफ करताना दिसत होते. गवतोबा पिल्लांना पोटाशी धरून बिळाच्या तळाशी बसला.

"अहो," बायको म्हणाली, "लांबून आलेले चालतात ना त्यांना?"

"चालतात."

"मग आपण लांबून येऊ. उठा."

उन्हं कलायच्या आत ते टेकडी उतरले. नदीकाठच्या ओल्या मातीत नवं बीळ खणलं. छत गळायचं, पिल्लं शिंकायची. पण पहाटे फुलं खोवून सगळे टेकडी चढायचे, सांबरांच्या मागोमाग. अट एकच होती, काकूंनी घातलेली. फिरायला आलेल्यानं गवताला तोंड लावायचं नाही. निसर्ग आहे तो.

हळूहळू तितर आले, साळिंदरं आली, घुशी आल्या. सगळी टेकडी नदीकाठी राहायला आली.

"साहेब, वर कुणीच उरलं नाही," बिबळेराव कळवळून म्हणाले.

"आम्ही शिकारीचा हक्क दिला होता," अस्वलसाहेब म्हणाले. "शिकार देतो, असं कुठं म्हणालो?"

बिबळेराव आता बेडकांवर भागवतात. पण खडक सोडत नाहीत. हक्क आहे.

परवाची गोष्ट. टोळकं गवतोबाच्या जुन्या बिळापाशी थांबलं. काकूंनी नव्या मंडळींना माहिती दिली.

"इथं पूर्वी ससे राहायचे म्हणे. फार गोड जमात. कुठं गेली कोण जाणे."

गवतोबाचं धाकटं पिल्लू सवयीनं बिळात शिरू लागलं.

"अंहं, बाळ," काकूंनी त्याला तोंडानं हळूच मागे ओढलं. "आत जायचं नाही. खराब होतं."

गवतोबा काहीतरी बोलणार होता. खडकामागे शेपटी हलली, तसं त्यानं मुकाट्यानं कानामागचं फूल नीट बसवलं.

बायको मात्र बोलली. "छान राखलीय हो टेकडी तुम्ही."

काकू लाजल्या. "अहो, मुळात प्रेम लागतं त्याला."

तात्पर्य: जी जागा सगळ्यांची आहे, तिथं कधी राहू नये. चुकून तिथंच जन्मला असाल, तर वेळीच खाली उतरावं, आणि रोज पहाटे लांबून येऊन म्हणावं, काय हवा आहे.