तिनं मशीन थांबवलं

शिलाई मशीन आपण स्वतःच उघडून बघावं, असा विचार काटेसाहेबांच्या मनात एका रविवारी सकाळी साडेनऊला आला, आणि दहाला पाच कमी असताना त्या मशीनचे सव्वीस तुकडे जेवणाच्या टेबलावर पसरले होते. (सत्ताविसावा तुकडा म्हणजे एक बारीकशी स्प्रिंग. ती टुणकन उडाली आणि कुठे गेली ते तिलाच ठाऊक.)

मशीन बायकोचं. ती कपडे शिवायची आणि त्या आठवड्यात तिच्याकडे एका नाटकमंडळीचे बावीस पांढरे झगे होते. नाटकात बावीस भुतं होती म्हणे. सोमवारी सकाळी भुतं झगे न्यायला येणार होती, आणि मशीन शनिवारपासून टाके सोडत होतं. मिस्त्रीला फोन केला असता तर अर्ध्या तासाचं काम. पण मिस्त्री घरात येऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप!

आता त्या मिस्त्रीनं काटेसाहेबांचं काय घोडं मारलं होतं, ते सांगायला हवं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं आणि तराजूचा काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं, हे काम. पाच ग्रॅमचा फरक त्यांना दुकानाच्या दारातूनच दिसायचा, अशी ख्याती. (ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण होती.) म्हणून काटेसाहेब. घरी मात्र या काट्याला एकच वेड होतं, ते म्हणजे अल्बम. सुटी गाणी नव्हेत. सुटं गाणं ऐकणं म्हणजे कादंबरीचं मधलंच पान फाडून वाचणं, असं ते म्हणत. अल्बम ऐकायचा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग त्याला दहापैकी गुण द्यायचे. दशांशासकट.

ऑफिसात त्यांच्यासारखेच आणखी तिघं होते. शनिवारी काम आटोपलं की चौघं एकमेकांना अल्बम सुचवत आणि आधीच्या अल्बमवरची मतं ऐकवत. "सात पूर्णांक सहा" असं एक जण म्हणाला की दुसरा "सहा? डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणून खुर्ची मागे ढकलायचा. दोन दशांशांवरून त्यांतला आवक-जावक कारकून काटेसाहेबांशी एकदा पंधरा दिवस बोलत नव्हता. त्यांचं सगळं टपाल तो उलटं ठेवायचा.

आणि घरी बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत काटेसाहेबांनी तिला किमान नऊशे अल्बम ऐकवले असतील. प्रत्येक अल्बमवर तिचं मत एकच: "छान आहे हं." तेही मान वर न करता. मशीन आपलं घर्रर्र चालूच. सुरुवातीला काटेसाहेबांना वाईट वाटायचं. मग त्यांनी मनाची समजूत घातली की, असतं एकेकाचं, देवानं कान फक्त डूल घालायला दिलेले असतात. त्या समजुतीवर संसार सुखाचा चालला होता.

तेवढ्यात हा मिस्त्री उगवला.

पन्नाशी उलटलेला, टकलावर चष्मा चढवलेला, हातात अवजारांची पिशवी. मशीन बिघडलं की आधी तो ते उघडायचा नाही. बाजूला स्टूल घेऊन डोळे मिटून नुसतं ऐकायचा. मग म्हणायचा, "ताई, शटलपाशी कचरा आहे." आणि कचरा असायचाच. तर पहिल्यांदा आला तेव्हा काटेसाहेबांनी ऑफिसला जाताना बायकोसाठी लावून ठेवलेला एक अल्बम वाजत होता. मिस्त्रीनं तोही डोळे मिटून ऐकला.

"ताई, हे कुणाचं?"

"ह्यांचं आहे. लावून गेलेत."

"वाजवणारा हुशार आहे," मिस्त्री म्हणाला, "पण सोबतच्यांचं काही ऐकून घेत नाही. तुम्ही असं करा, 'परतीचं पाणी' ऐका. म्हातारा भाऊ माउथऑर्गन वाजवतो, बहीण गाते. बाकी कुणी नाही."

त्या संध्याकाळी काटेसाहेब घरी आले तर घरात शुकशुकाट. मशीनचा आवाज नाही. वीज गेली म्हणावं तर दिवा जळतोय. बायको आजारी पडली असं वाटून ते चपलांसकट आत धावले. ती मशीनपाशी बसली होती. मांडीवर अर्धवट बाही, सुईत दोरा लोंबतोय, गाल लाल झालेले.

"अहो, आधी बसा. इथं. हे ऐका. इथं तो भाऊ थांबतो ना, तर ती श्वास घेते. आपल्याला वाटतं आता गाणार. आणि ती गातच नाही! नुसती श्वास घेऊन बसते. अहो, मी मशीनच थांबवलं!"

पुढचं काटेसाहेबांना काही ऐकू आलं नाही. तिनं मशीन थांबवलं. नऊशे अल्बम झाले, एकासाठीही तिनं पेडलवरचा पाय उचलला नव्हता. आणि एका मिस्त्रीसाठी तिनं मशीन थांबवलं!

तसला काही संशय काटेसाहेबांच्या मनाला शिवला नाही. मिस्त्री तिला ताई म्हणायचा, त्याला दोन जावई होते. तसला संशय असता तर एकवेळ परवडलं असतं. नवऱ्यानं त्यावर काय करावं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण आपल्या बायकोला दुसऱ्याचा अल्बम आवडला, या दुखण्यावर ओरडायचं तरी काय म्हणून? मनातल्या मनात काटेसाहेब नुसते तडतडू लागले. त्यात बायको मिस्त्रीला फोनवर आपली मतं बोलून पाठवू लागली. पहिलं मत चार मिनिटं बारा सेकंदांचं होतं. (काटेसाहेब दाराआड उभे राहून घड्याळ बघत होते. निरीक्षकाची नजर, सवय सुटत नाही.)

एका मंगळवारी बायकोचा फोन चुकून काटेसाहेबांच्या हातात आला. (तो कापडाच्या तीन घड्यांखाली होता, पण चूक ती चूकच.) त्यावर मिस्त्रीचा निरोप होता: "ताई, आता 'सात दारं' ऐका. घाई नाही." बायकोनं तो अजून बघितलेला नव्हता. काटेसाहेबांच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. बुधवारी त्यांनी 'सात दारं' मिळवला, घरी आणला आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "हा बघ, मी शोधलाय."

अल्बम सुरू झाला. काटेसाहेब मशीनला टेकून उभे राहिले.

"आता लक्ष दे हं. आता येतंय. आता... नाही, थांब, अजून नाही. हां, हे! ऐकलंस? हा जो खालचा आवाज आहे ना, तो मुद्दाम सैल ठेवलाय. का ठेवलाय? सांगतो. आता बघ, ती गुणगुणेल. गुणगुणली की नाही? मी म्हटलं नव्हतं?"

"छान आहे हं," बायको म्हणाली. घर्रर्र.

काटेसाहेबांना आनंदाचं भरतं आलं. मिस्त्री आपटला! त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला आणि बायकोला दिला.

शुक्रवारी घरी आले तर पुन्हा शुकशुकाट. बायको खिडकीशी बसून डोळे पुसत होती.

"अहो, काय सांगू तुम्हाला! मिस्त्रींनी 'सात दारं' सांगितला होता, तो लावला. कसला आहे हो! शेवटच्या दाराशी तर ती नुसती गुणगुणते, आणि मला उगीचच माझी आत्या आठवली."

"अगं," काटेसाहेबांचा आवाज चिरकला, "हाच अल्बम मी तुला बुधवारी ऐकवला!"

"हाच?" बायकोनं खरंच आठवून बघितलं. "छे हो. तो वेगळा. त्यात एक माणूस सारखा बोलत होता."

काटेसाहेब आत गेले आणि या अल्बमची निवेदनासह काढलेली दुसरी आवृत्ती आहे का, ते शोधू लागले. तासभर शोधली. नाही सापडली. शनिवारी बाजारात एका कांदेवाल्याचा तराजू तपासताना तो बोलणारा माणूस कोण, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि हातातलं किलोचं वजन कांद्यांत पडलं.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं तोंड मिटायला शिकावं. काटेसाहेबांनी मिस्त्रीला घरात येऊ न द्यायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी मशीन टाके सोडू लागलं. बायको म्हणाली, "मिस्त्रींना बोलावते," आणि काटेसाहेब म्हणाले, "काही नको. यंत्रं तपासण्यात हयात गेली माझी."

तर रविवारी दहा वाजता टेबलावर सव्वीस तुकडे. साडेदहाला त्यांनी ते परत जोडले, तेव्हा जोडून झाल्यावर पाच उरले. अकराला तेल घालू म्हणून कुपी दाबली, तर चिळकांडी नेमकी घडी करून ठेवलेल्या वरच्या झग्यावर. बायको भाजी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"हे काय?"

"सुटं करून बघत होतो."

"आणि हे भूत?"

"तेल लागलंय जरा. जखमी भूत म्हणून खपेल."

बायको हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, न शिवलेले नऊ झगे एकेक करून मोजले आणि खाली बसली. "उद्या सकाळी न्यायला येणारेत," एवढंच म्हणाली. एकोणीस वर्षांत तिनं एकाही गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हटलं नव्हतं. काटेसाहेबांनी गुपचूप फोन उचलला आणि मिस्त्रीला स्वतःच फोन लावला.

मिस्त्री पंधरा मिनिटांत आला. टेबलाकडे बघून त्यानं नुसता चष्मा डोळ्यांवर ओढला, हे काटेसाहेबांना सर्वांत जास्त लागलं. मशीन पुन्हा सुटं करून, तुकडे मोजून तो म्हणाला, "स्प्रिंग नाही. साहेब, जरा उडी मारता का?"

"काय?"

"उडी. जागच्या जागी."

काटेसाहेबांनी उडी मारली. शर्टाच्या खिशात पेनापाशी किण् असं वाजलं. मिस्त्रीनं हात पुढे केला.

मग त्यानं काटेसाहेबांना कामाला लावलं. डाव्या हातात विजेरी, उजव्या हातानं सुईची दांडी वर धरायची, आणि लहान स्क्रू हरवू नयेत म्हणून ते सहाच्या सहा काटेसाहेबांच्या ओठांत. "आता बोलू नका साहेब, गिळाल." आणि आपला फोन टेबलावर ठेवून त्यानं एक अल्बम लावला. "कामाला बरा असतो."

एक बाई होती आणि तिच्यामागे कुठेतरी लांबवर एक व्हायोलिन. काटेसाहेबांना लगेच सांगायचं होतं की सुरुवात जरा संथ आहे. तोंडात स्क्रू. मग सांगायचं होतं की हे व्हायोलिन मुद्दाम लांब ठेवलंय. स्क्रू. तिसऱ्या गाण्यापासून त्यांना काहीच सांगायचं नव्हतं. ते व्हायोलिन इतक्या हळूहळू जवळ येत होतं की कधी आलं ते कळलं नाही, आणि अगदी शेजारी येऊन ते थांबलं तेव्हा काटेसाहेबांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. मिस्त्री एकेक स्क्रू मागत होता. शेवटचा मागितला तेव्हा काटेसाहेबांनी मानेनंच खूण केली: थांबा, एवढं गाणं संपू दे.

बायको दारात उभी राहून हे बघत होती.

"कसा वाटला?" तिनं विचारलं.

काटेसाहेबांनी स्क्रू काढून दिला. त्यांना गुण आठवेनात. "मला... माझे वडील मला सायकलवरून शाळेत सोडायचे," ते म्हणाले, "ते आठवलं." आणि बायकोनं त्यांच्या गालावरचं तेल पदरानं पुसलं.

मशीन सुरू झालं, टाका सरळ पडू लागला, झगे होणार याची खात्री झाली. चहा झाला. काटेसाहेबांच्या मनातली सगळी जळजळ निवली होती. आता उरली होती ती एकच इच्छा, आणि ती त्यांनी अगदी नम्रपणे बोलून दाखवली.

"मिस्त्री, एक अल्बम माझ्याकडूनही ऐका. माझा सर्वांत आवडता. नऊ पूर्णांक चार. मी बोलणार नाही."

"लावा की साहेब."

काटेसाहेबांनी लावला, आणि बोलू नये म्हणून स्वतःच्या हातांवर बसले. (हात मोकळे असले की त्यांचं तोंड चालायचं.) मिस्त्रीनं चष्मा टकलावर चढवला, डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली, सात गेली. काटेसाहेबांनी ब्र काढला नाही. आणि मग तो भाग आला, ज्याच्यासाठी काटेसाहेबांनी हा अल्बम शंभरदा ऐकला होता. मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडली. त्यानं हळूच बोट वर केलं.

"साहेब... हा आवाज."

"हो!" काटेसाहेब अर्धे उठलेच.

"असा खालून येतोय. घुर्र घुर्र."

"हो, हो! तोच!"

"फ्रिज किती वर्षांचा आहे तुमचा?"

काटेसाहेब परत खाली बसले. "तो फ्रिज नाही, मिस्त्री," ते शांतपणे म्हणाले. "ते वाद्य आहे, बास क्लॅरिनेट. वाजवणारा जगातला मोठा वादक आहे."

मिस्त्रीनं पुन्हा एकदा नीट, मनापासून ऐकलं. "असेल साहेब," तो अदबीनं म्हणाला. "पण बेअरिंग गेलंय त्याचं."

"अगं बाई!" मशीनपाशी बसलेली बायको एकदम ओरडली. "तो आवाज ह्या अल्बमातून यायचा होय? आणि मी त्या फ्रिजवाल्याला तीनदा घरी बोलावून भांडले!"