उलटा फिरणारा रंधा

"वितोमिरला बोलव," कोसारा नवऱ्याला म्हणाली.

"मेलो तरी बोलावणार नाही," ओब्राद म्हणाला आणि रंधा मशीनचा पहिला स्क्रू त्याने इतक्या रागाने पिळला की स्क्रूचं डोकंच तुटून हातात आलं.

आमच्या गावातल्या पुरुषांचं हे असंच आहे. छप्पर गळो, ट्रॅक्टर बंद पडो, दाढ दुखो, मिस्त्रीला बोलावणं म्हणजे यांना नाक कापल्यासारखं वाटतं. स्वतः उघडायचं, स्वतः बिघडवायचं, आणि मग बायकोवर ओरडायचं. मला या जातीचा मनापासून संताप येतो, आणि ओब्राद तर या जातीचा पाटील.

मशीन त्याच्या वडिलांचं होतं. गावातली सुतारांची सोसायटी बंद पडली तेव्हा त्यांनी ते बैलगाडीवर घालून आणलं होतं. बिडाचं धूड, उचलायला चार माणसं लागायची, आणि मधोमध तो पात्यांचा रूळ. गेलं वर्षभर त्याचे बेअरिंग इतके किंचाळत होते की ओब्रादने मशीन लावलं की शेजारची कुत्री रडायला लागायची. इतके दिवस त्याने कानात कापूस घालून भागवलं. आता भागणार नव्हतं. दहा दिवसांवर मिहोलदान आला होता.

मिहोलदान हा ओब्रादच्या घराण्याच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. स्लावाला आमच्याकडे कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि दारात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, बसवून जेवू घालावंच लागतं. यंदा पहिल्यांदाच व्याही येणार होते. मुलीच्या साखरपुड्याला ओब्राद त्यांच्या घरी गेला, तेव्हा व्याही ल्युबिसावने आपलं अक्रोडाचं वीस माणसांचं टेबल थोपटत विचारलं होतं, "तुमच्याकडे पाहुणे कशावर बसतात, व्याही?"

खरं उत्तर होतं, कोठाराची दारं काढून सुताराच्या लाकडी घोड्यांवर टाकतो त्यावर. पण ओब्रादच्या पोटात तीन पेले राकिया होती. "मिहोलदानला या," तो म्हणाला. "ओकच्या टेबलावर बसाल. माझ्या हातचं, माझ्या मशीनवर केलेलं." तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. ओकच्या फळ्या माळ्यावर आठ वर्षं वाळत पडल्या होत्या. अडलं होतं ते मशीनपाशी.

गावात मशीनं दुरुस्त करणारा एकच, वितोमिर. ओब्रादच्या मागच्या गल्लीतला. त्याच्याकडेही असाच रंधा होता. नऊ वर्षांपूर्वी एका मयताच्या जेवणात, भरल्या पंगतीत तो म्हणाला होता, "ओब्रादच्या रंध्यावर लाकूड सपाट होत नाही, नुसतं घाबरतं." लोक हसले. मयताची बायकोसुद्धा हसली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

तर गुरुवारी ओब्रादने मशीन उघडलं. शुक्रवारी बसने तालुक्याला जाऊन नवे बेअरिंग आणले. शनिवारी सकाळी ते चढवायला घेतले तर ते रुळाच्या टोकावर जाईनात. बेअरिंग तेलात तापवले की फुगतात आणि अलगद बसतात, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. अंगणात कोसारा चुलीवर मोठ्या कढईत आयवार, म्हणजे हिवाळ्यासाठीची मिरच्यांची चटणी, घोटायच्या तयारीत होती. भाजून सोललेल्या लाल मिरच्यांचं डोंगराएवढं पातेलं बाजूला, आणि कढईत सूर्यफुलाचं तेल तापत होतं. तेवढ्यात ती मीठ आणायला आत गेली.

परत येऊन तिने तेलात झारा घातला, तर खाली काहीतरी लोखंडी वाजलं.

"ओब्राद, हे काय आहे?"

"बेअरिंग. दहा मिनिटं थांब, आणि ढवळू नकोस."

"माझ्या तेलात?"

"अगं, नवे आहेत. वंगणसुद्धा चांगल्या कंपनीचं आहे."

कोसाराने ते सगळं तेल त्याच्यासमोर उकिरड्यावर ओतलं, नवं तेल घातलं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. आता ओब्रादशी न बोलणारी माणसं दोन झाली.

दुपारपर्यंत मशीन जोडून झालं. दोन स्क्रू उरले. ते त्याने इकडेतिकडे बघून खिशात टाकले. बटण दाबलं, आणि काय सांगू, मशीन इतकं गोड गुणगुणायला लागलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठे किंचाळणं नाही, थरथर नाही. "ऐक," तो कोसाराला म्हणाला. तिने ऐकलं नाही. त्याने पहिली ओकची फळी घेतली आणि पुढे सरकवली.

फळी तासली जाईना. नुसती घासली जाऊन काळी पडली, धूर निघाला. ओब्रादने जोर लावला. तशी त्या मशीनने ती फळी त्याच्या हातातून हिसकली आणि समोरून सणसणत फेकली ती उघड्या दारातून अंगण ओलांडून थेट कढईत. दोन दिवस भाजलेलं, सोललेलं, घोटलेलं आयवार कोसाराच्या एप्रनपासून केसांपर्यंत उडालं. नशीब, ती दोन पावलं मागे उभी होती, आणि चूल नुकतीच मंद केली होती.

ती ओरडली नाही. तोंड पुसलं, फळी कढईतून उपसली, त्याच्या पायाशी आणून ठेवली आणि म्हणाली, "वितोमिरला बोलव."

"नाही म्हणजे नाही."

आपण जोडताना काहीतरी चूक केली, हे ओब्रादला दिसत होतं. चूक कुठे, ते दिसत नव्हतं. रविवारी त्याने सगळं पुन्हा उघडलं. पाती काढली, धार लावली, बसवली. फळी उडाली, कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. सोमवारी पुन्हा उघडलं. ते उरलेले दोन स्क्रू कुठले हे अखेर शोधून काढलं, तिथे बसवले. फळी उडाली. मंगळवारी बेअरिंग उलटसुलट करून पाहिले. त्या दिवशी फळी उडाली ती प्लमच्या झाडात अडकली, आणि ओब्रादने मशीनला जी शिवी दिली ती ऐकून रस्त्याने चाललेल्या पाद्रीबाबांनी छातीवर क्रुसाची खूण केली. ओकच्या सात फळ्यांपैकी तीन काळ्या पडल्या होत्या. मिहोलदानला पाच दिवस होते.

"तो वितोमिर गप्प आहे," बुधवारी सकाळी ओब्राद म्हणाला. "पाच दिवस त्याच्या मशीनचा आवाज नाही. का? तर कुंपणाला कान लावून बसलाय. माझी मजा ऐकतोय. आणि कोण जाणे, त्यानेच येऊन काहीतरी केलं असेल."

"काय केलं असेल?"

"ते त्यालाच विचारतो." आणि हातात मोठा पान्हा घेऊन तो निघाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

वितोमिरच्या शेडचं दार बंद होतं. ओब्रादने ते लाथेने उघडलं. आत वितोमिर जमिनीवर बसला होता आणि त्याच्याभोवती ताडपत्रीवर त्याचा रंधा स्क्रू-स्क्रू सुटा करून मांडलेला होता. भिंतीला फळीच्या आकाराचं एक आरपार भोक होतं.

ओब्रादने उगारलेला पान्हा खाली केला.

"सफाई चाललीय," वितोमिर म्हणाला. "वर्षातून एकदा करतो मी."

"मीही," ओब्राद म्हणाला. "चांगलं असतं ते."

"चांगलंच असतं."

"भिंतही साफ करतोस वाटतं."

वितोमिरने भोकाकडे पाहिलं, मग ओब्रादच्या हातातल्या पान्ह्याकडे, मग त्याच्या दाढीत अडकलेल्या लाकडाच्या जळक्या ढलपीकडे. "तुझाही?" त्याने हळूच विचारलं.

"कधीपासून?"

"शनिवारपासून. मी पाती बदलली होती. मला वाटलं, मीच काहीतरी..." तीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त करणारा माणूस तो.

मागोमाग कोसारा पोचली. नवरा कुणाचं डोकं फोडेल या भीतीने ती धावत आली होती. दोघांना असं गुमान बसलेलं पाहून तिला भीतीपेक्षा राग आला. "तुमचीच मशीनं बिघडलेली नाहीत," ती म्हणाली. "खालच्या आळीत मक्याचे दाणे काढायचं यंत्र शनिवारपासून कणसं तोंडावर परत फेकतंय. यंत्रवाल्याने ते तीनदा उघडलं, पण लाजेने कुणाला सांगत नाही. त्याच्या बायकोने मला सांगितलं. शुक्रवारी वीजवाल्यांनी चर्चपाशी नवी डीपी बसवली ना, तेव्हापासून."

शुक्रवारी ओब्राद तालुक्याला होता, आणि वितोमिर मासे धरायला गेला होता.

थ्री फेजच्या दोन तारा आपापसांत बदलल्या की मोटर उलटी फिरते. हे वितोमिरला माहीत होतं, ओब्रादला माहीत होतं, शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अख्ख्या गावाची मशीनं पाच दिवस उलटी फिरत होती आणि प्रत्येक जण दार लावून, आपल्यालाच जमलं नाही असं समजून, आपलं मशीन सोलत बसला होता. एकाने, फक्त एकाने शेजारी जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारणार कोण? सगळेच मिस्त्री.

दोघांनी ओब्रादच्या प्लगमधल्या दोन वायरी बदलल्या. दोन मिनिटं लागली. फळी लोण्यासारखी तासली गेली. मग दोघं राकिया घेऊन बसले आणि तेव्हा त्यांना खरा राग आला. आपल्यावर नाही, दुसऱ्यावर, आणि असा राग किती सुखाचा असतो हे नऊ वर्षांत दोघं विसरले होते. दुसऱ्या पेल्यानंतर ओब्रादने वीज कचेरीला फोन लावला.

"अरे, झालं ना आता चालू," कोसारा म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"ओब्राद, ऐक माझं. आपला व्लादान त्याच कचेरीत आहे."

"मग होणाऱ्या जावयालाही कळू दे कसल्या गाढवांबरोबर काम करतो ते." आणि फोनमध्ये: "हां, लिहून घ्या, बाई. शब्दन् शब्द लिहा. नाव लिहा माझं, पूर्ण लिहा."

तो वीस मिनिटं बोलला. कुठे अडला तर वितोमिर शब्द पुरवत होता.

आमची वीज कचेरी एरवी खांब पडला तरी महिनाभर फिरकत नाही. पण तक्रार इतकी झणझणीत होती की शुक्रवारी सकाळी, कुणाला काही न सांगता, त्यांनी येऊन डीपीवरच्या तारा सरळ करून टाकल्या. एव्हाना गावातल्या प्रत्येकाने आपापल्या प्लगमधल्या वायरी बदलल्या होत्या. ओब्राद शेवटच्या दोन फळ्यांवर होता. पहिली फळी प्लमच्या झाडात गेली.

"फोन कुठे आहे?" तो गरजला.

फोन कोसाराने पिठाच्या पिपात पुरून ठेवला होता आणि पिपावर ती स्वतः बसली होती. वितोमिर मात्र आपले जुने हातरंधे घेऊन आला. वायरी पुन्हा बदलायच्या का, असं त्याने विचारलं तेव्हा ओब्राद म्हणाला, "नको. मी बदलल्या की ते बदलतील." दोघांनी शनिवारभर हातांनी तासकाम केलं. दोघांच्याही तळहातांची सालं निघाली. टेबल उभं राहिलं.

रविवारी व्याही-विहीण आली. मेणबत्ती लागली, संताचा पाव कापला, प्रसादाचा शिजवलेला गहू सगळ्यांनी चाखला. वितोमिरही न बोलावता आला, कारण स्लावाला बोलावत नाहीत. ल्युबिसाव टेबलाच्या डोक्याशी बसला. त्याने पांढरं कापड उचललं, ओकवरून सावकाश हात फिरवला आणि दोनच शब्द म्हणाला, "मानलं, व्याही." ओब्रादला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

व्लादान उशिरा आला. कामाच्या कपड्यांतच होता, चेहरा उतरलेला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ओब्रादकाका, फक्त इथे सही करा. तक्रारदार समाधानी आहे, सगळं नीट फिरतंय, एवढंच. सही नाही मिळाली तर माझी बदली डोंगरात होते."

"तुझी का?"

"त्या तारा मी जोडल्या होत्या."

टेबलावर कुणी चमचा हलवेना. "काय तक्रार आहे?" ल्युबिसाव म्हणाला. "वाच बघू मोठ्याने."

"राहू द्या, बाबा."

"वाच म्हणतो ना."

व्लादानने मान खाली घालून वाचलं. "तक्रारदाराचे म्हणणे असे की, ज्या गाढवाने या तारा जोडल्या, त्याला त्याच्या आईबापाने शाळेत न घालता नांगराला जुंपायला हवे होते. पण नांगरही उलटा चालला असता. तक्रारदार त्या आईबापांना प्रत्यक्ष भेटू इच्छितो."

आईबाप समोरच बसले होते. कोसाराने डोळे मिटले. ओब्रादच्या मुलीने बोटातली अंगठी दुसऱ्या हाताने घट्ट धरली. ओब्रादने इकडेतिकडे पाहिलं, पण रागवायला जवळपास कुणीच नव्हतं.

ल्युबिसावने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. मग बायकोकडे वळला. "ऐकलंस? पंधरा वर्षं मी हेच सांगतोय. हा गाढव आहे. तुलाच वाटायचं की इंजिनिअर होईल."

ओब्राद ताडकन उठला. खुर्ची मागे पडली.

"व्याही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजाने मेणबत्तीची ज्योत हलली, "माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून माझ्या जावयाला कुणी गाढव म्हणायचं नाही."

"अहो, पण तुम्हीच..."

"मी फोनवर म्हणालो. मला तो कोण हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. पोराने दोन तारा इकडच्या तिकडे केल्या, त्यात काय एवढं? कुणाच्या हातून होत नाही? आण रे तो कागद."

वितोमिरने मुकाट्याने खिशातलं सुतारी पेन्सिलीचं थोटूक पुढे केलं. ओब्रादने कागद ओकवर ठेवला, आणि सगळं नीट फिरतंय असं जिथे छापलं होतं, त्याच्याखाली भली मोठी सही ठोकली.